निळ्या हातांचा माणूस

गॅदरिंगच्या प्रदर्शनात दरवर्षी कोणी ना कोणी कापडाचं काहीतरी करतं. कोणी जुन्या साड्यांचे तुकडे जोडून भिंतीवर लावतं, कोणी हातकागद आणून वही शिवतं, तर कोणी दोन्ही एकत्र करून कापडी पुस्तकाचा घाट घालतं. आणि दरवर्षी मेसच्या टेबलावर तोच प्रश्न असतो, आयडिया कुठून आणायची? मग इंटरनेटवर चार चित्रं बघायची, लायब्ररीत दोन मासिकं चाळायची आणि सबमिशनच्या आदल्या रात्री फेविकॉलची बाटली घेऊन बसायचं, ही आपली पद्धत!

कापड आणि हाताने केलेलं पुस्तक या दोन्ही गोष्टी ज्याने जन्मभर केल्या, अशा एका माणसाची ही कथा आहे. विल्यम मॉरिस. पडद्यांवर, उशांवर, इतकंच काय चहाच्या कपांवरसुद्धा त्याची नक्षी आजही छापली जाते. पण नक्षीपेक्षा, ती त्याला सुचली कशी हे जास्त वाचण्यासारखं आहे.

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो येथे झाला. वडील लंडनमध्ये पैशाच्या व्यवहारातले दलाल. डेव्हन परगण्यातल्या तांब्याच्या खाणीचे शेअर्स त्यांच्याकडे होते आणि ती खाण अशी काही चालली की घर गडगंज झाले. १८४७ साली वडील वारले तरी पैशाची ददात पडली नाही. म्हणजे आपल्यासारखी कॅम्पस इंटरव्ह्यूची धास्ती या गृहस्थाला कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

१८५३ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला ते धर्मोपदेशक होण्यासाठी. तिथे त्याला एडवर्ड बर्न-जोन्स भेटला आणि जन्माची मैत्री जुळली. दोघेही जुन्या हस्तलिखितांपुढे तासन् तास उभे राहत. १८५५ च्या सुट्टीत दोघांनी उत्तर फ्रान्समधली जुनी कॅथेड्रल्स पाहिली आणि धर्मोपदेशक व्हायचा बेत तिथेच सोडून दिला. बर्न-जोन्सने चित्रकार व्हायचे ठरवले, मॉरिसने आर्किटेक्ट. स्ट्रीट नावाच्या नामवंत आर्किटेक्टच्या कचेरीत तो नोकरीला लागला आणि वर्षाच्या आत बाहेर पडला. मग रोझेटी या चित्रकाराच्या नादाने चित्रे काढायला बसला. तेही जमेना. वेल, फुलं, कापडाच्या चुण्या छान यायच्या, पण माणसांच्या आकृती काही केल्या जिवंत होत नव्हत्या. विशी उलटून गेलेली, तीन क्षेत्रे धरून सोडलेली. आपल्याकडे असता तर घरच्यांनी काय काय ऐकवलं असतं, कल्पना करा!

१८५९ मध्ये त्याने जेन बर्डनशी लग्न केले. ती ऑक्सफर्डमधल्या घोड्यांच्या तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी, हा खाणमालकाच्या घरचा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट साधी नव्हती. या दोघांसाठी फिलिप वेब या मित्राने लंडनच्या बाहेर लाल विटांचे घर बांधले, रेड हाऊस. घर झाले, पण आत ठेवायला काही मिळेना. बाजारात यंत्रावर धडाधड निघालेले, नक्षीने नुसते बरबटलेले सामान होते, आणि त्यातले एकही मॉरिसच्या मनाला येईना.

इथून खरी गोष्ट सुरू होते. लंडनच्या एका दुकानात त्याला निळ्या लोकरी कापडाचा तागा सापडला. त्यावर काय भरायचे? ब्रिटिश म्युझियममध्ये फ्रान्सच्या इतिहासाचे पंधराव्या शतकातले एक हस्तलिखित होते. त्यातल्या एका चित्रात, पात्रांच्या मागे, फुलांचे ठोंब भरलेला पडदा टांगलेला दिसतो. चित्राचा विषय तो नव्हेच, कोणाचं लक्षही जाणार नाही. मॉरिसने नेमका तोच पडदा उचलला. त्याने आणि जेनने साध्या टाक्यांनी डेझीची फुले भरून आपल्या घरासाठी पडदे केले. टाके कसे घालायचे ते शिकवायला कोणी नव्हते. मग जुने भरतकाम आणून ते उसवायचे, धागा कुठून आत गेला, कुठून बाहेर आला ते बघायचे, आणि पुन्हा तसे घालायचे. आपण वर्कशॉपमध्ये जुने इंजिन खोलून बघतो ना, अगदी तसेच. हे पडदे आजही जपून ठेवलेले आहेत. पुस्तकातून कापड निघालं ते असं. कापडातून पुस्तक निघायला मात्र पुढे तीस वर्षे लागली.

घर सजवता सजवता मित्रांची टोळी जमली आणि १८६१ मध्ये सात जणांनी मिळून कंपनी काढली. चित्रकार होते, आर्किटेक्ट होता, ऑक्सफर्डचा गणितज्ञ फॉकनर होता आणि मार्शल नावाचा चक्क सर्व्हेअर-सॅनिटरी इंजिनिअर होता. म्हणजे आपल्या सिव्हिलवाल्यांचा माणूस! काचचित्रे, फर्निचर, टाइल्स, भरतकाम आणि भिंतीला लावायचे नक्षीदार कागद असे सगळे ते करू लागले. वॉलपेपरची पहिली नक्षी सुचली ती रेड हाऊसच्या बागेतल्या गुलाबाच्या मांडवावरून. मॉरिसला पक्षी नीट जमेनात म्हणून ते वेबने काढून दिले. ठसे लाकडाचे, छपाई हाताने.

वॉलपेपरवरून आठवलं म्हणून सांगतो, कारण थोर माणसांच्या लेखात ही बाजू सहसा येत नाही. वडिलांच्या त्या खाणीतून तांब्याबरोबर पुढे आर्सेनिकही प्रचंड निघू लागले आणि त्या काळच्या हिरव्या रंगात आर्सेनिक असे. २००३ साली त्याच्या सुरुवातीच्या वॉलपेपरचा नमुना प्रयोगशाळेत तपासला तेव्हा हिरव्या पानांत तेच सापडले. मॉरिस काही वर्षे त्या खाण कंपनीचा संचालक होता. कागद विषारी असतात ही ओरड त्याला वर्तमानपत्री घबराट वाटे. कामगारांच्या हक्कांसाठी पुढे रस्त्यावर उतरलेल्या माणसाची हीसुद्धा एक नोंद आहे.

१८७० च्या सुमारास संसारात तडा गेला. जेन आणि रोझेटी यांचे जवळचे संबंध सगळ्यांना ठाऊक होते. मॉरिसने आदळआपट केली नाही. १८७१ मध्ये थेम्सकाठी केल्मस्कॉट गावातले जुने घर त्याने रोझेटीबरोबर भागीत भाड्याने घेतले, आणि स्वतः आइसलँडच्या ओसाड डोंगरांत घोड्यावरून हिंडायला निघून गेला. याच वर्षांत तो रात्री बोरूसारखी पिसाची लेखणी घेऊन पुस्तके हाताने लिहीत बसे. अक्षर त्याचं, किनारीची वेलबुट्टी त्याची, सोन्याचा वर्ख त्याचा. १८७२ मध्ये उमर खय्यामच्या रुबायांची त्याने अशी एक प्रत पुरी केली. विकायला नव्हे, मैत्रिणीला भेट द्यायला.

१८७५ मध्ये कंपनी एकट्या मॉरिसच्या हातात आली आणि तो छापील कापडाकडे वळला. अडचण आली ती रंगाची. १८५६ मध्ये पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने प्रयोगशाळेत डांबरापासून जांभळा रंग काढला होता, तेव्हापासून बाजारात रासायनिक रंगांचा सुळसुळाट झाला होता. स्वस्त, झटपट, भडक. पण त्यांतले बरेचसे उन्हात विटायचे, धुण्यात उतरायचे. मॉरिसला हवे होते जुने रंग : नीळ, मंजिष्ठ, अक्रोडाच्या सालीचा तपकिरी आणि वेल्ड नावाच्या रोपाचा पिवळा. ते कसे लावायचे हे सांगणारे रंगारी तोवर संपत आले होते. म्हणून हा चाळिशीतला नामवंत कवी आणि कारखानदार (हो, तोवर तो कवी म्हणूनही गाजलेला होता!) लीक या गावी थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत उमेदवारी करायला गेला. शेतकऱ्याचा असतो तसा निळा अंगरखा, पायात लाकडी जोडे, आणि दिवसभर हौदात हात. जुनी औषधी वनस्पतींची पुस्तकं चाळून पाककृती काढायच्या, सकाळी करून बघायच्या, फसल्या की पुन्हा. हात कोपरापर्यंत निळे झाले ते साबणाने निघेनात, आणि तसेच निळे हात घेऊन तो लंडनच्या प्रतिष्ठित लोकांत वावरे. वॉर्डललाही हा गडी कधी कधी नकोसा होई, कारण रंग मनासारखा उतरला नाही की मॉरिस आख्खा माल परत पाठवायचा.

केमिस्ट्रीवाल्यांना माहीतच असेल, नीळ पाण्यात विरघळत नाही. हौदात आंबवून तिचे रिडक्शन करावे लागते, मग ती पिवळसर हिरवी होते आणि धाग्यात शिरते. कापड हौदातून वर काढले की हवेतला ऑक्सिजन लागून डोळ्यांदेखत हिरव्याचे निळे होते. हौद जरा गरम झाला किंवा थंड पडला की बिघडलाच. त्या काळी युरोपच्या बाजारातली बरीचशी नीळ आपल्या हिंदुस्थानातून जात असे, आणि ती पिकवून घेण्यासाठी गोऱ्या मळेवाल्यांनी केलेल्या जुलमापायी १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने मोठे बंड केले होते. निळ्या रंगाचं सौंदर्य बघताना तेही डोळ्यांआड करू नये. मॉरिसने स्वतः १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका भाषणात, इंग्रजी राज्य आणि व्यापार हिंदुस्थानातल्या कारागिरीचा गळा घोटत आहेत, सरकारी तुरुंगांत स्वस्त गालिचे विणून घेऊन मूळ विणकरांना बुडवत आहेत, याबद्दल उघड खंत व्यक्त केली होती.

त्याच वर्षी त्याने हॅमरस्मिथच्या घरी झोपायच्या खोलीत माग बसवला. शिकवायला पुन्हा कोणी नाही. एक जुने फ्रेंच पुस्तक समोर ठेवून, पहाटे उठून, चित्रे विणायची कला तो एकटा शिकला. पहिल्या तुकड्याला पाचशेहून अधिक तास लागले आणि ते तास त्याने वहीत रोजच्या रोज मांडून ठेवले. आपली प्रॅक्टिकलची जर्नल्स इतकी प्रामाणिक असती तर!

१८८१ मध्ये वँडल नदीच्या काठी मर्टन ॲबी येथे त्याला हवी तशी जागा मिळाली. नदीचे पाणी मंजिष्ठेच्या लाल रंगाला मानवणारे. जमिनीत निळीचे हौद पुरले, कापड नदीत धुवायचे आणि गवतावर उन्हात पसरायचे. इथे त्याने ती अवघड पद्धत बसवली : आधी सगळे सुती कापड गडद निळे रंगवायचे, मग ठशाने रंग उडवणारे द्रव्य लावून हवी तिथली नीळ घालवायची, कुठे पूर्ण, कुठे अर्धी, आणि मग त्या रिकाम्या जागी लाल आणि पिवळा भरायचा. आपण पांढऱ्यावर रंग चढवतो, हा निळ्यातून पांढरे काढतो! १८८३ ची त्याची सगळ्यांत प्रसिद्ध नक्षी याच पद्धतीची. नाव स्ट्रॉबेरी थीफ, म्हणजे स्ट्रॉबेरीचोर. कल्पना कुठली? केल्मस्कॉटच्या बागेत पक्षी जाळीखाली शिरून स्ट्रॉबेरी पळवत. माळी वैतागलेला, आणि मालक मात्र पक्ष्यांना हात लावू देईना. एवढीच ती गोष्ट. पण ती कापडावर यायला मधली आठ वर्षे हौदात हात घालावे लागले. चोर पक्षी आपल्याही मेसच्या मागे पुष्कळ आहेत.

हे कापड महाग पडे. छपाईला दिवसच्या दिवस लागत. आणि इथेच मॉरिसची खरी कुचंबणा होती. कलेचा आनंद सगळ्यांना मिळावा, राबणाऱ्याला कामातही आनंद मिळावा, असे तो तळमळून सांगे. पण त्याचे पडदे लागायचे ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. याची त्याला चीड होती. १८८३ मध्ये तो समाजवादी चळवळीत शिरला आणि पुढची सात-आठ वर्षे चौकाचौकांत भाषणे, पत्रके, सभा यांत त्याने स्वतःला अक्षरशः झोकून दिले. एकदा तर पोलिसांनी धरून कोर्टातही उभे केले. टीकाकार विचारत, तुमचा स्वतःचा कारखाना नफ्यावर कसा चालतो? तो प्रश्न काही खोटा नव्हता. एकट्याच्या कारखान्याने व्यवस्था बदलत नाही, हे त्याचे उत्तरही पोकळ नव्हते. माझ्या मते हा गुंता त्याला शेवटपर्यंत सुटला नाही, आणि सुटला असे त्याने कधी भासवलेही नाही.

आता पुस्तक. १५ नोव्हेंबर १८८८ च्या संध्याकाळी त्याचा शेजारी एमरी वॉकर याने लंडनमध्ये छपाईवर व्याख्यान दिले. वॉकरने मॅजिक लँटर्नवर, म्हणजे आपल्या स्लाइड प्रोजेक्टरच्या आजोबावर, पंधराव्या शतकातल्या पुस्तकांची अक्षरे प्रचंड मोठी करून पडद्यावर दाखवली. मॉरिस ती पुस्तके वर्षानुवर्षे जमवत होता, पण अक्षराचे अंगप्रत्यंग एवढे मोठे त्याने प्रथमच पाहिले. घरी परतेपर्यंत नवा टाइप करायचे त्याच्या मनाने घेतले होते.

यामागे एक जुनी जखमही होती. वीस वर्षांपूर्वी त्याने आणि बर्न-जोन्सने त्याच्या कवितांचे सचित्र पुस्तक काढायचे ठरवले होते. लाकडी ठसेही कोरले, त्यांतले बरेच मॉरिसने स्वतः. पण छापखान्यातले उपलब्ध खिळे त्या ठसठशीत चित्रांशेजारी फिके पडत. बेत बारगळला होता.

या वेळी त्याने कापडाचीच रीत वापरली, म्हणजे मुळापर्यंत जायचे. १४७० च्या दशकात व्हेनिसला छापलेल्या पुस्तकांच्या अक्षरांचे फोटो त्याने मोठे करून घेतले. त्यांवरून पुन्हा पुन्हा गिरवून हात बसल्यावर स्वतःची अक्षरे काढली. ती छायाचित्राने लहान केली, तपासली, पुन्हा काढली. (यंत्राचा शत्रू म्हणून त्याची ख्याती आहे, ती तितकीशी खरी नाही. हाताला मदत करणारे यंत्र त्याला चालत होते.) मग एडवर्ड प्रिन्स या कारागिराने एकेक अक्षर पोलादी पंचावर कोरले, तो पंच तांब्यात ठोकून साचा केला आणि त्यात धातूचे खिळे ओतले.

कागदासाठी मॉरिस केंट परगण्यातल्या बॅचलर यांच्या गिरणीत गेला. १४७३ च्या सुमाराचा इटालियन कागद नमुना म्हणून दाखवला आणि निव्वळ लिननच्या चिंध्यांचा कागद मागितला. बघा, कापड पुन्हा आलंच! जुने कापड कुटून लगदा करायचा, जाळीच्या साच्याने एकेक ताव उचलायचा. (पुण्याच्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून केलेला कागद ज्यांनी हाताळला असेल त्यांना तो पोत लगेच कळेल.) शाई जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आली. काही प्रती वासराच्या कमावलेल्या कातड्यावर छापायच्या होत्या, तेही खटपटीने मिळवले. बांधणीला मऊ कातडे आणि बंद म्हणून रेशमी फिती. जानेवारी १८९१ मध्ये हॅमरस्मिथच्या एका लहानशा घरात हाताने चालवायचे लोखंडी यंत्र बसले आणि केल्मस्कॉट प्रेस सुरू झाला.

प्रोजेक्टवाल्यांनी त्याचा समासाचा हिशेब जरूर बघावा. तो एक पान कधीच बघत नसे, उघड्या पुस्तकाची दोन पाने मिळून एक आकृती धरायचा. शिवणीकडचा समास सगळ्यांत कमी, वरचा त्याहून जास्त, बाहेरचा त्याहून जास्त आणि खालचा सगळ्यांत मोठा, दर पायरीला साधारण वीस टक्के वाढ. शब्दांमधली जागा अगदी कमी, म्हणजे पानात पांढरी भोके पडत नाहीत. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची पाने चारही बाजूंनी एक इंच सोडून छापलेली असतात, ती शेजारी ठेवून पाहा.

सगळ्यांत मोठे काम चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या समग्र कवितांचे. बर्न-जोन्सची ८७ चित्रे, मॉरिसच्या किनारी आणि मोठी आद्याक्षरे. ऑगस्ट १८९४ मध्ये छपाई सुरू झाली. मॉरिस साठीला आला होता, मधुमेह आणि इतर दुखण्यांनी पोखरला होता, आणि हे दोघांनाही कळत होते. जुळारी खिळे जुळवत होते, ओलसर केलेला एकेक ताव दाबाखाली जात होता, बर्न-जोन्सकडून चित्रे यायची होती. मध्येच आणखी एक यंत्र आणावे लागले. त्यातच छापलेल्या तावांवर पिवळट डाग पडू लागले. एवढ्या वर्षांचं काम मातीत जाणार की काय! शेवटी ताव उन्हात ठेवल्यावर डाग निघाले. मर्टनच्या गवतावर कापड पसरणाऱ्या माणसाला उन्हानेच हात दिला.

८ मे १८९६ ला शेवटचा ताव निघाला. कागदावरच्या ४२५ आणि कातड्यावरच्या १३ प्रती. कागदी प्रतीची किंमत २० पौंड, म्हणजे एखाद्या कामगाराची कित्येक आठवड्यांची मजुरी. तो जुना गुंता इथेही सुटलेला नव्हता. जूनच्या सुरुवातीला पहिल्या बांधलेल्या प्रती दोघा मित्रांच्या हातात पडल्या. चाळीस वर्षांपूर्वी ऑक्सफर्डमध्ये दोघे मिळून चॉसर वाचत असत. उन्हाळ्यात डॉक्टरांनी मॉरिसला हवापालट म्हणून नॉर्वेच्या बोटीवर पाठवले, त्याचा उपयोग झाला नाही. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी तो गेला. केल्मस्कॉटच्या चर्चमागे त्याला पुरले. शवपेटी गवत वाहायच्या उघड्या गाडीतून नेली, गाडीला वेली आणि विलोच्या फांद्या बांधल्या होत्या. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि निळीच्या शेतीची घरघर सुरू झाली.

प्रेस १८९८ मध्ये बंद झाला, तोवर ५३ पुस्तके निघाली होती. यंत्रे ॲशबी नावाच्या दुसऱ्या एका कारागिरीवेड्या माणसाने घेतली. त्यांतल्याच एका यंत्रावर, ज्याने चॉसर छापला होता, १९०७-०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉड कॅम्डन या खेड्यात आनंद कुमारस्वामी यांनी स्वतः देखरेख करून आपले पहिले मोठे पुस्तक छापून घेतले. विषय होता सिंहली कारागिरांची जुनी कला, आणि त्यात विणकर आणि भरतकामाचीही प्रकरणे आहेत.